झाशीचे रेशमी निशाण

झाशीत किल्ले दोन आहेत. पहिला टेकडीवरचा. ओरछ्याच्या वीरसिंह देव बुंदेल्याने तो १६१३ साली बांधला, मराठ्यांचे सुभेदार नारोशंकर यांनी अठराव्या शतकात वाढविला, आणि राणी लक्ष्मीबाईने त्याला हिंदुस्थानच्या इतिहासात अढळ स्थान मिळवून दिले. दुसरा किल्ला छावणीत आहे. तो ठेंगणा असून त्याचा आकार ताऱ्यासारखा आहे. इंग्रज त्याला स्टार फोर्ट म्हणत. कंपनीचा खजिना आणि दारूगोळा तेथे असे. पहिल्या किल्ल्यावर कवने झाली. दुसऱ्याच्या वाट्याला लष्करी दप्तरातल्या चार ओळी आल्या. या दोन किल्ल्यांच्या आसमंतात एका रेशमी निशाणाची सव्वीस वर्षांची हकीकत घडली. ती राणीच्या चरित्रात एखाददुसऱ्या वाक्यात येऊन जाते. वस्तुतः ती स्वतंत्रपणे सांगण्याजोगी आहे.

ते निशाण मराठ्यांचे नव्हते. ते इंग्लंडच्या राजाचे, ज्याला युनियन जॅक म्हणतात ते, होते. झाशीच्या एका मराठी राजाने ते मोठ्या हौसेने स्वीकारले होते. आणि पुढे इंग्रजांच्या हाती ते परत पडले, तेव्हा ज्या वाड्यात ते सापडले त्या वाड्याचे रक्षक इंग्रजांशी प्राणपणाने झुंजत होते.

आजकाल एखाद्या पेढीने किंवा कारखान्याने आपले बोधचिन्ह बदलले की आठ दिवस लोकांत कुरकुर होते. जुनेच बरे होते असे जो तो म्हणतो. मग डोळे सरावतात आणि जुने चिन्ह कसे होते हेही कोणाला आठवत नाही. राज्याच्या चिन्हाची गोष्ट वेगळी आहे. तेथे चिन्ह बदलते त्या दिवशी बहुधा कोणी काही बोलत नाही. बोलणे मागाहून होते, कधी वीस वर्षांनी, आणि तेही तोफेच्या तोंडून.

जुन्या राजवटीत राज्याचे खरे चिन्ह म्हणजे शिक्का. निशाण वाऱ्यावर फडकते, ते दुरून दिसते. पण धनी कोण आहे हे शिक्का सांगतो. शिवाजी महाराजांनी आपली मुद्रा संस्कृतात करविली, तेव्हा फारसी शिक्क्यांच्या त्या जगात ती एक घोषणाच होती. पेशव्यांच्या शिक्क्यात प्रथम शाहू छत्रपतींचे नाव येई आणि मग पंतप्रधानांचे. मोगली अमलदार आपल्या मोहरेत स्वतःला बादशहाचा फिदवी, म्हणजे एकनिष्ठ सेवक, म्हणवीत. शिक्क्यातल्या नावांचा हा क्रम वाचला की सत्तेची सारी उतरंड समजून येते. म्हणूनच कोणी शिक्का बदलला की शेजारचा दरबार कान टवकारीत असे.

झाशीची उतरंड मुळात पुण्याकडे जाई. छत्रसाल बुंदेल्याने संकटसमयी धावून आलेल्या पहिल्या बाजीरावाला आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा दिला, आणि त्यातून बुंदेलखंडात मराठ्यांचे पाऊल स्थिरावले. नारोशंकर १७४२ साली झाशीस आले. त्यांनी गाव वसविले, दक्षिणेतून माणसे आणली. पुढे रघुनाथ हरी नेवाळकर सुभेदार झाले. हे घराणे रत्नागिरीकडचे, कऱ्हाड्यांचे. रघुनाथरावांनंतर त्यांचे बंधू शिवरावभाऊ गादीवर आले. गादी हा शब्द येथे थोडा सैल वापरला आहे. कायद्याने ती सुभेदारीच होती. परंतु पुणे दूर होते, आणि दूरच्या धन्याचा सुभेदार पुष्कळसा स्वतःच धनी असतो.

१८०४ साली शिवरावभाऊंनी कंपनीशी तह केला. त्यात पेशव्यांविषयीची निष्ठा कायम ठेवून इंग्रजांचा आश्रय घेतलेला होता. एका म्यानात दोन तरवारी ठेवण्याचाच तो प्रकार. १८१७ साली पेशव्यांना बुंदेलखंडावरील आपले हक्क कंपनीला लिहून द्यावे लागले, आणि मग एकच तरवार उरली. त्याच वर्षी शिवरावभाऊंचे नातू रामचंद्रराव यांच्याशी कंपनीने नवा तह केला आणि झाशीचे राज्य त्यांच्याकडे वंशपरंपरेने चालेल असे मान्य केले. रामचंद्रराव त्या वेळी अल्पवयी होते. कारभार आईच्या, सखूबाईच्या, हाती होता. पुण्यात वर्षभराच्या आत पेशवाई बुडाली. झाशीच्या शिक्क्यात ज्यांचे सेवकपण असायचे तो धनीच आता राहिला नव्हता.

रामचंद्ररावांच्या वागण्याचा विचार करताना ही रिकामी जागा ध्यानात ठेवली पाहिजे. मोठेपणी त्यांनी इंग्रजांची चाकरी मनापासून केली. ब्रह्मदेशाच्या पहिल्या युद्धात पैशाची मदत केली. १८२५ साली काल्पीवर संकट आले तेव्हा तोफा, स्वार आणि पायदळ पाठविले. त्याचे फळ १८३२ च्या डिसेंबरात मिळाले. गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक झाशीस आला. किल्ल्यात दरबार भरला. कालपर्यंत सुभेदार म्हणविणाऱ्या रामचंद्ररावांना महाराजाधिराज हा किताब मिळाला. त्याबरोबर नगारा आणि चवरी ही राजचिन्हे मिळाली. आणि शिक्क्यात कोरण्यासाठी नवी अक्षरे मिळाली: ‘महाराजाधिराज फिदवी बादशाह जमजाह इंग्लिस्तान’. जमजाह म्हणजे जमशीदासारख्या वैभवाचा. इंग्लंडच्या जमशीदतुल्य बादशहाचा एकनिष्ठ सेवक, असा त्याचा अर्थ. तो बादशहा म्हणजे चौथा विल्यम. त्याचा आणि इराणच्या पुराणातल्या जमशीदाचा काय संबंध, हे दरबारातल्या कोणी विचारले नसावे. याच वेळी झाशीच्या राजाला युनियन जॅक आपले निशाण म्हणून वापरण्याची, आपल्या स्वारीपुढे वागविण्याची, परवानगी मिळाली. असा मान हिंदुस्थानातल्या दुसऱ्या कोणा संस्थानिकाला मिळालेला नव्हता, असे इंग्रजांनीच पुढे नमूद केले आहे.

या प्रसंगाकडे लाचारी म्हणून पाहणे सोपे आहे, आणि आजवर बहुतेकांनी तसेच पाहिले आहे. पण शिक्क्याची अक्षरे थोडी निरखून पाहिली तर त्यात रामचंद्ररावांचा एक डाव दिसतो. त्या अक्षरांत कंपनीचे नावही नाही. कंपनीचे स्वतःचे वेगळे निशाण होते, लाल पांढऱ्या पट्ट्यांचे. ते झाशीने घेतले नाही. झाशीच्या राजाने कंपनीला ओलांडून थेट तिच्या धन्याशी नाते जोडले. पूर्वी शाहू छत्रपती आणि त्यांचे पेशवे होते. आता इंग्लंडचा बादशहा आणि त्याची कंपनी. जुनी उतरंड तशीच ठेवून नावे तेवढी बदलली. गंमत अशी की, त्या वर्षी खुद्द कंपनीला हे धैर्य झालेले नव्हते. बंगालच्या टांकसाळीतून निघणाऱ्या कंपनीच्या रुपयावर १८३२ सालीही दिल्लीच्या शाह आलमचे नाव होते, आणि शाह आलम मरून पाव शतक उलटले होते. रुपयावर चौथ्या विल्यमचे मस्तक आले ते १८३५ साली. इंग्लंडच्या राजाची प्रजा म्हणून झाशीचा शिक्का कंपनीच्या नाण्याच्या तीन वर्षे पुढे होता.

ओरछा आणि दतिया येथील दरबारांत हा किताब कसा वाचला गेला असेल याची कल्पना करणे अवघड नाही. ही बुंदेल्यांची जुनी राजघराणी. झाशीचा किल्ला ओरछेकरांच्या पूर्वजाने बांधलेला. त्या किल्ल्यात दक्षिणेतून आलेल्या सुभेदाराचा वंशज बसतो हेच त्यांना सलत असताना तो महाराजाधिराज, म्हणजे राजांच्या राजांचाही राजा, झाला. सुभेदाराने कोणाचे निशाण लावावे हा त्याचा प्रश्न. पण त्याच्या किताबात आपण त्याच्या खाली जातो, हे कोणता बुंदेला सहन करील? हा सल दीर्घायुषी ठरला. १८५७ च्या पावसाळ्यानंतर ओरछ्याची फौज नथेखानाच्या हाताखाली झाशीवर चालून आली, तेव्हा राजकारण ताजे होते. वैर मात्र जुने होते.

येथे युरोपातल्या एका प्रसंगाची आठवण होते. १८७० च्या पराभवानंतर फ्रान्समध्ये राजेशाही पुन्हा आणण्याचा घाट घातला गेला. राष्ट्रसभेत राजपक्षाचे बहुमत होते, आणि शांबोरचा काउंट हा गादीचा वारस होता. अडले ते निशाणापाशी. फ्रान्सला तिरंगा हवा होता; काउंटाला आपल्या पूर्वजांचे पांढरे निशाण हवे होते. १८७३ च्या ऑक्टोबरात त्याने आपला नकार अखेरचा कळविला, आणि निशाणापायी गादी गेली ती कायमचीच. शांबोरच्या काउंटाने निशाण राखले आणि राज्य गमावले. रामचंद्ररावांचा हिशेब उलटा होता: निशाण बदलावे आणि राज्य राखावे. त्यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की तो हिशेब त्यांच्या हयातीत बरोबर आला. १८३५ साली ते निपुत्रिक वारले. पण त्यानंतरही कंपनीने गादी घराण्यातच ठेवली. प्रथम चुलते रघुनाथराव, आणि त्यांच्यानंतर दुसरे चुलते गंगाधरराव.

गंगाधररावांचा मुलगा तान्हेपणी गेला. २० नोव्हेंबर १८५३ रोजी त्यांनी मेजर एलिस आणि कॅप्टन मार्टिन या इंग्रज अधिकाऱ्यांच्या समक्ष दत्तक घेतला, त्याचे नाव दामोदरराव ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी देह ठेवला. त्यानंतर राणीने लॉर्ड डलहौसीला जे खलिते पाठविले ते वाचण्यासारखे आहेत. त्यांत रडगाणे नाही, कायदा आहे. १८१७ च्या तहातील वंशपरंपरेचे कलम, दतिया व ओरछा येथे कंपनीने मान्य केलेली दत्तके, शिवरावभाऊंची आणि रामचंद्ररावांची सेवा, आणि त्या सेवेबद्दल बेंटिंकने भर दरबारात दिलेला किताब, शिक्का, नगारा, चवरी व निशाण. हे सारे तिने पुरावा म्हणून मांडले आहे. निशाणाचे स्वरूप येथे पालटले. राजाने ते मिरविण्यासाठी घेतले होते. राणीने ते दस्तऐवज म्हणून हजर केले.

डलहौसीने २७ फेब्रुवारी १८५४ च्या आपल्या टिपणीत झाशीचा निकाल लावला. झाशी हे मूळचे सार्वभौम राज्य नव्हे, ते पेशव्यांच्या सुभेदाराचे. पेशव्यांचे हक्क कंपनीकडे आले, सबब कंपनीने दिलेले ती परत घेऊ शकते. औरस वारस नाही, म्हणून राज्य खालसा. ओरछा आणि दतिया यांना ही मात्रा लागू पडत नव्हती, कारण ती मूळची राजघराणी. म्हणजे असे झाले की ज्यांना निशाण मिळाले नव्हते त्यांची दत्तके चालली, आणि ज्याला निशाण मिळाले होते त्याचे राज्य गेले. महाराजाधिराज या शब्दाला बावीस वर्षांनी एवढीही किंमत उरली नाही की त्याचा धारक सुभेदाराहून वेगळा मानावा. ‘एकनिष्ठ सेवक’ ही अक्षरे मात्र उपयोगी पडली. सेवकाकडून चाकरी काढून घेता येते.

राणीचे सुप्रसिद्ध उद्गार याच वेळचे. राणीने आपली बाजू मांडण्यासाठी बोलाविलेला वकील जॉन लँग याने ते आपल्या पुस्तकात टिपून ठेवले आहेत: मेरी झाँसी नहीं दूँगी. लँगच्या हिंदुस्थानीचे व्याकरण थोडे लंगडे होते, त्यामुळे त्याच्या पुस्तकातले शब्द अगदी असेच नाहीत. अर्थ तोच आहे. राणीला दरमहा पाच हजार रुपये पेन्शन ठरली. किल्ला सोडून ती गावातल्या वाड्यात राहावयास आली.

आता प्रश्न असा की, गावाची प्रतिक्रिया काय झाली? झाशीचे लोक १८३२ साली निशाणासाठी रस्त्यावर आले नव्हते. राजा आपला, दरबार आपला, देवळात पूजा चाललेली, अग्रहार चालू. मग स्वारीपुढे फडक्यावरच्या रेघा उभ्या आहेत की तिरप्या, याचे सर्वसामान्य माणसाला काय? १८५४ नंतर हे बदलले. गावाच्या परिसरात गोवध सुरू झाला; राणीने आणि नागरिकांनी त्याविरुद्ध अर्ज केले, ते फेटाळले गेले. महालक्ष्मीच्या देवस्थानाकडे लावून दिलेल्या गावांचे उत्पन्न सरकारने काढून घेतले. त्याविरुद्धचा अर्जही गेला. राजाचे लष्कर मोडले, कारकून आणि शिपाई घरी बसले. जे निशाण वीस वर्षे शोभेचे होते त्याचा अर्थ लोकांना आता कळू लागला, आणि तो कळला तो कापडाकडे पाहून नव्हे, तर खाटिकखान्याकडे आणि देवळाच्या आटलेल्या उत्पन्नाकडे पाहून. लोकांचे हे मौन आणि मागाहूनचा हा संताप ज्यांना विसंगत वाटतो, त्यांनी लोक चिन्हांचा अर्थ कसा लावतात याचा विचार केलेला नसतो.

छावणीतली गोष्ट आणखी वेगळी होती. तेथे बंगालच्या बाराव्या देशी पलटणीचा एक भाग आणि चौदाव्या रिसाल्याचे स्वार होते. कंपनीच्या देशी पलटणींच्या निशाणांतही युनियन जॅक असे. शिपाई त्याचीच शपथ वाहत. ५ जून १८५७ रोजी बाराव्या पलटणीतल्या काही शिपायांनी ताऱ्याच्या आकाराचा तो छोटा किल्ला खजिना व दारूगोळ्यासह ताब्यात घेतला. छावणीचा सेनापती कॅप्टन डनलॉप दुसऱ्या दिवशी मारला गेला. इंग्रज बायकामुलांसह टेकडीवरच्या किल्ल्यात शिरले. ८ जून रोजी ते शरण आले आणि झोकन बागेत त्यांची कत्तल झाली. साठाच्या आसपास माणसे गेली, त्यांत स्त्रिया आणि मुले होती. ही गोष्ट काळी आहे आणि ती काळीच सांगितली पाहिजे. त्या कत्तलीत राणीचा हात होता असे इंग्रजांनी धरून चालविले. पुरावा तसे म्हणू देत नाही.

शिपाई दिल्लीकडे निघण्यापूर्वी दवंडी पिटली गेली: खल्क खुदाका, मुल्क बादशाहका, अमल महारानी लक्ष्मीबाईका. ही दवंडी म्हणजेही एक शिक्काच. त्यात बादशहा आहे, पण तो पुन्हा दिल्लीचा. पंचवीस वर्षांपूर्वी रामचंद्ररावांनी जेथे इंग्लिस्तान कोरले होते तेथे शिपायांनी दिल्ली ठेवली. आणि तरीही, शिपाई गेल्यावर राणीने सागरच्या कमिशनराला, अर्स्किनला, पत्रे लिहून घडलेला वृत्तान्त कळविला. अर्स्किनने जुलैच्या आरंभी उत्तर देऊन, इंग्रज अधिकारी येईपर्यंत सरकारच्या वतीने जिल्ह्याचा कारभार पाहावा असे तिला कळविले. तेव्हा त्या उन्हाळ्याच्या अखेरीस झाशीत कोणाचा अंमल होता? दवंडीप्रमाणे राणीचा, अर्स्किनच्या पत्राप्रमाणे इंग्रजांचा, राणीच्या हातून, नथेखानाला विचारले असते तर त्याने तिसरेच सांगितले असते. वरचे अधिकारी अर्स्किनच्या त्या पत्राला बांधील राहिले नाहीत, आणि १८५८ च्या मार्चमध्ये सर ह्यू रोज तोफा घेऊन झाशीपुढे उभा राहिला. त्याच्या फौजेत मुंबई इलाख्याच्या देशी पलटणी होत्या, हे मराठी श्रोत्यांनी विसरू नये.

किल्ल्याच्या पांढऱ्या बुरुजावर राणीचे निशाण फडकत होते. वेढा घालणाऱ्यांनी ते आवर्जून टिपले आहे. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात वेढा पडला. १ एप्रिलला बेतवेच्या काठी तात्या टोप्यांची फौज मोडली. ३ तारखेला हल्ला झाला. तटाच्या आत रस्त्यारस्त्यांत लढाई होत इंग्रज फौज वाड्यापर्यंत आली. वाड्यातही दालनादालनात झुंज झाली. वाड्याच्या पागेत राणीचे मूठभर शरीररक्षक अखेरपर्यंत लढले. घराला आग लागली तरी हटले नाहीत, भाजलेल्या कपड्यांनिशी तरवारी घेऊन बाहेर आले आणि पडले. या वाड्याच्या लढाईत गोऱ्या शिपायांच्या हाती एक रेशमी युनियन जॅक लागला. तो बेंटिंकने दिलेलाच होता.

रोजने आपल्या वृत्तान्तात त्याची नोंद केली आहे. राणीच्या नवऱ्याच्या आजोबांना हे निशाण निष्ठेबद्दल दिले होते असे तो लिहितो. आजोबा नव्हेत, पुतण्या; रामचंद्रराव हे गंगाधररावांच्या थोरल्या भावाचे पुत्र. ज्या घराण्याचे राज्य वारसाच्या मुद्द्यावर घेतले त्याची वंशावळ घेणाऱ्यांना नीट ठाऊक नव्हती. शिपायांनी अर्ज केला की आम्ही जिंकलेले हेच निशाण वाड्यावर चढविण्याची परवानगी असावी. रोजने ती दिली. अशा रीतीने बेंटिंकचे निशाण झाशीत दुसऱ्यांदा चढले. पहिल्या वेळी दरबार भरला होता. दुसऱ्या वेळी काय चालले होते ते वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी स्वतः डोळ्यांनी पाहिले आणि ‘माझा प्रवास’मध्ये लिहून ठेवले: आगी, लूट, कत्तल, आणि दूरदूरच्या विद्वानांना ठाऊक असलेल्या राजांच्या ग्रंथालयाची धूळधाण. गोडसे भटजींना निशाणाची वार्ता नव्हती. पोथ्या फाडल्या गेल्याचे दुःख त्यांना शेवटपर्यंत होते.

पण या सगळ्यात मनाला गुंतवून ठेवणारी गोष्ट निराळीच आहे. निशाण सापडले, याचा अर्थ ते जपलेले होते. राज्य खालसा झाले तेव्हा ते किल्ल्यातून वाड्यात आणले गेले. १८५४ च्या संतापात ते कोणी फाडले नाही. १८५७ च्या जूनमध्ये, इंग्रजांची प्रत्येक खूण पुसली जात असता, ते कोणी जाळले नाही. पंधरा दिवस तोफगोळे पडत असताना ते वाड्यातच होते. राणीने ते का ठेवले असेल? प्रेमाने खास नव्हे. ज्या स्त्रीने आपल्या खलित्यांत त्या निशाणाचा दाखला दिला होता, तिच्या दृष्टीने ते दिलेल्या वचनाचे साक्षीपत्र होते. वचन मोडणाऱ्याने दिलेले साक्षीपत्र वचन पाळणाऱ्याने जपून ठेवावयाचे असते. आपल्याकडे घरोघरीच्या जुन्या पेट्यांत बुडालेल्या पेढ्यांच्या हुंड्या निघतात त्याचे कारणही हेच. ४ एप्रिलच्या रात्री राणी किल्ल्यातून निघून गेली. ते रेशमी कापड तोवर शत्रूच्या हाती गेलेले होते, आणि दाखला मागण्यासाठी आता कोणतीही कचेरी उरली नव्हती.

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येईल. १८६१ साली झाशी शहर शिंद्यांना दिले गेले, आणि इंग्रजांनी जिल्ह्याचे ठाणे तटाबाहेर हलविले. त्या जागेला नाव पडले झाशी नौआबाद, नव्याने वसलेली झाशी. पंचवीस वर्षे तटाच्या आत मराठी अंमल आणि तटाबाहेर कचेऱ्या व छावणी अशी दोन झाशी शेजारी शेजारी नांदली. १८८६ साली ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना परत मिळाला आणि त्याच्या बदल्यात झाशी पुन्हा इंग्रजांकडे गेली. गावकऱ्यांना कोणी विचारले नाही. बुरुजावर काय चढते आणि काय उतरते हे पाहण्याची त्यांना एव्हाना सवय झाली असावी.

युनियन जॅकचा हा वाद देशभर पुन्हा एकदा निघाला तो १९४७ साली. नव्या हिंदुस्थानच्या निशाणाच्या कोपऱ्यात लहानसा युनियन जॅक ठेवावा अशी लॉर्ड माउंटबॅटनची सूचना होती. पुढाऱ्यांनी ती नाकारली. गांधीजींना मात्र त्या नकाराचे वाईट वाटले. इंग्रजांनी आपले वाईट केले असेल, पण ते त्यांच्या निशाणाने केलेले नाही, अशा अर्थाचे ते बोलले. आणि याच गांधीजींनी, २२ जुलैला घटनासमितीने चरख्याऐवजी अशोकचक्र स्वीकारल्यावर, चरखा नसलेल्या निशाणाला आपण वंदन करणार नाही असेही बोलून दाखविले. एकाच माणसाच्या या दोन प्रतिक्रिया पंधरवड्याच्या अंतराने झाल्या. परक्याचे चिन्ह ते सहन करू शकत होते. आपल्या चिन्हातले आपले गेलेले त्यांना सहन होत नव्हते.

झाशीकरांची बोलकी प्रतिक्रिया अलीकडे आली, आणि ती निशाणावरून नव्हे, पाटीवरून. २०२१ च्या अखेरीस झाशीच्या रेल्वे स्थानकाचे नाव बदलून वीरांगना लक्ष्मीबाई असे ठेवण्यात आले. नाव राणीचे, त्याला कोण आक्षेप घेणार? तरीही कुरकुर झाली. पाटीवरून झाशी हा शब्द गेला होता. राणीच्या नावासाठी राणीची झाशी द्यावी लागावी, हे लोकांना रुचले नाही. मागणी झाली आणि ती मान्य झाली. नावाच्या शेवटी झाशी परत आली. रेल्वेच्या सांकेतिक खुणेत या स्थानकाला नव्या नावाबरोबर चार इंग्रजी अक्षरे मिळाली. पहिल्या बदलात त्यांतले शेवटचे अक्षर बाईंचे होते. दुसऱ्या बदलात ते झाशीचे झाले.